सासूबाईंचा गुडघा आणि माझी बोटं

“वात आहे का तुलाही? आमच्या आईंना पण होता. गुडघे बदलले, आता पळतात बघ!”

लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर हे मी अकरा वर्षं ऐकते आहे. आई पळतात याचा आनंदच आहे. पण माझे गुडघे तूर्तास धडधाकट आहेत आणि बोटं बदलून मिळत नाहीत.

आमच्या घरात दोन्ही दुखणी नांदतात. सासूबाईंना झिजेचं, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. शेजारी दोघींना एकच तेल सुचवतात. गंमत अशी की आपल्याकडे शब्दांची टंचाई कधीच नव्हती. वैद्य झिजेच्या दुखण्याला संधिगतवात म्हणतात, आणि आमवाताला माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतंत्र प्रकरण मिळालं आहे. आपण दोन्हींची मिळून ‘संधिवात’ नावाची एकच भाजी केली.

झिजेबद्दल फार लिहीत नाही, ती घरोघरी आहे. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजते, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, उतरताना जास्त कुरकुरतो. आमवातात झिजेपासून सुरुवात होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजतं, आणि सूज वेळेत आवरली नाही तर हाड कुरतडलं जातं. बाकीचे फरक भराभर: आमवात तिशी-चाळिशीतही होतो, बायकांना पुरुषांच्या दोन-तीनपट होतो, बहुधा दोन्ही हातांना सारखाच धरतो. मनगट आणि बोटांची मुळं सुजतात. बोटांच्या टोकाशी, नखाजवळच्या पेरावर टणक गाठी आल्या असतील तर त्या बहुतेक झिजेच्या. आणि आमवातासाठीच्या रक्त तपासणीचा कागद बघून ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे काही नाही’ असं व्हॉट्सॲपवर निदान करणाऱ्यांनी कृपा करावी. आजार असूनही तो निगेटिव्ह येतो आणि ठणठणीत म्हाताऱ्या माणसात पॉझिटिव्हही सापडतो.

हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. घरातल्या माणसांचा जिथे गोंधळ होतो आणि भांडणं लागतात, ती गोष्ट म्हणजे सकाळ.

सासूबाई सकाळी उठतात तेव्हा त्यांचा गुडघा आखडलेला असतो. पलंगावरून उतरून देवघरापर्यंत चार पावलं टाकली की सुटतो. पाच मिनिटं, फार तर पंधरा. मग दिवसभर वापरून वापरून तो दुखायला लागतो आणि संध्याकाळी सात वाजता त्या पाय वर घेऊन बसतात. त्यांचं दुखणं वापराच्या हिशोबानं चालतं: जितकं केलं तितकं दुखलं. विश्रांती घेतली की बरं. हा हिशोब सगळ्या जगाला कळतो, कारण थकलेल्या प्रत्येक माणसाचा तो अनुभव असतो.

माझा हिशोब बरोबर उलटा. रात्रभर काहीही न करता मी सकाळी सहाला उठते आणि बोटं मिटत नाहीत. कुणी रात्री हातात ओलं प्लॅस्टर भरून ठेवावं आणि ते पहाटेपर्यंत वाळावं, तसं. ब्रशवर पेस्ट काढायला दोन्ही तळहात लागतात. ब्लाउजचे हुक हा तर वेगळा अध्याय आहे. आजार भडकलेला असेल तर हा ताठरपणा तास-दीड तास, कधी अकरा वाजेपर्यंत टिकतो. मग हळूहळू, गरम पाण्यात हात बुडवत, कपबशा विसळत, बोटं सुटतात. दुपारी मी निम्मी माणसात येते, संध्याकाळी पूर्ण.

याचं कारण आळसात शोधू नये. हालचाल थांबली की सुजलेल्या सांध्यात आणि भोवती पाणी साचतं. शिवाय दाह भडकवणारी रसायनं रक्तात पहाटेच्या सुमाराला चढतात. म्हणजे लोक ताजेतवाने होऊन उठतात त्याच वेळी माझ्या शरीरात दंगल ऐन भरात असते.

आता हे घरच्यांच्या डोळ्यांनी बघा. आदल्या संध्याकाळी मी हळदीकुंकवाला पैठणी नेसून मिरवले, वाणाची ताटं उचलली, उखाणाही घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कुकरचं झाकण मला उघडेना. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “काल तर चांगली होतीस की गं!” त्यांच्या आजाराच्या तर्कानं ते बरोबरच होतं. काल एवढं झालं, रात्री झोप झाली, आता बरं वाटायला हवं. संध्याकाळी ठीक आणि सकाळी लुळी असणारी बाई त्यांना ढोंगी वाटली, यात दोष त्यांचा नाही. त्यांना एकच ‘वात’ ठाऊक होता.

डॉक्टरांनाही हेच सांगायला शिका. “दुखतं” एवढंच सांगितलं की पदरी वेदनाशामक पडतं. माझे पहिले आठ महिने असेच गेले, आणि या आजारात सुरुवातीचे महिनेच सगळ्यात मोलाचे असतात. “सहाला उठते, साडेसातपर्यंत मूठ मिटत नाही, असं दोन महिने चाललंय,” असं सांगा. अर्ध्या तासाच्या आत सुटणारा आखडलेपणा सहसा झिजेचा. त्याहून लांबला आणि बोटांची मुळं उशीसारखी मऊ फुगलेली असली तर थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा सांध्यांच्या आजारांचा तज्ज्ञ, गाठावा.

थकव्याचंही तेच. सासूबाई दमतात ते काम करून. मी काही न करता दमते. ताप येण्याच्या आदल्या दिवशी अंग कसं जड होतं, तसं. फक्त ताप कधी येत नाही. झोपून हा थकवा जात नाही, कारण तो झोपेच्या तुटीचा नाहीच, दाहाचा आहे. “जरा पडून घे, बरं वाटेल” या सल्ल्याची मला खरोखर चीड येते. पडून घेतलं की उठताना बोटं पुन्हा आखडलेली. हे मी किती जणांना सांगू?

औषधाबद्दल थोडंच. जी गोळी तासाभरात दुखणं थांबवते ती आमवाताला रोखत नाही, दुखणं तेवढं झाकते. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आजाराला धरतात, पण गुण यायला दीड-दोन महिने तरी लागतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून आमच्या फ्रिजवर लाल अक्षरात ‘रविवार’ चिकटवलंय. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळानं रक्त तपासणी, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं. “ते कॅन्सरचं औषध ना?” असं दचकून विचारू नका. तिथे त्याचा डोस फार मोठा असतो. आणि आंबट बंद करून माझी बोटं सरळ झालेली नाहीत. कैरीचं लोणचं मी खाते.

या आजारात रोजचं जगणं किती अडतं हे मोजायला डॉक्टर एक प्रश्नावली भरून घेतात. मूळ अमेरिकेतली, स्टॅनफर्डची, १९८० ची. तिचा भारतीय अवतार बारा प्रश्नांचा आहे आणि तो मला मनापासून आवडतो, कारण त्यात साडी नेसता येते का, मांडी घालून बसता येतं का, नळ उघडता येतो का, रिक्षात चढता-उतरता येतं का, मंडईत भाजी आणता येते का, असं विचारलंय. माझी तक्रार एकच. गेल्या आठवड्यात नळ उघडता आला का? हो, दुपारी बारानंतर, सातही दिवस. सकाळी सातला, एकदाही नाही. यावर खूण कुठल्या चौकटीत करायची?

आता घरात वेळा वाटून घेतल्या आहेत. सकाळची कणीक सासूबाई मळतात, खुर्चीत बसून, टेबलावर परात ठेवून. कुकरही त्याच उघडतात. दहानंतर ओटा माझा. संध्याकाळी भाजी आणायला मी जाते आणि दोन जिने चढून पिशव्या वर आणते, कारण त्या वेळी त्यांचा गुडघा संपलेला असतो आणि माझे हात नुकते सुरू झालेले असतात. परवा शेजारच्या काकू तेलाची बाटली घेऊन आल्या तर सासूबाईंनीच दारात सांगितलं, “माझ्यापुरती द्या. तिचं वेगळं आहे.”