तंतुकणिका आणि थकवा

तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं ते अंगक जिथे अन्नातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत बांधली जाते. ‘पेशीचं ऊर्जाघर’ हे सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे, पण ते घर चालतं कसं आणि बिघडलं की माणूस थकतो का, हे पुस्तकात फार घाईत उरकतात. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतातच, उलट हृदय, स्नायू आणि मेंदूच्या पेशींत त्या खच्चून भरलेल्या असतात, त्यामुळे बिघाड झाला की तक्रार आधी तिथूनच येते.

नाव १८९८ चं, कार्ल बेंडाने ग्रीकमधले धागा आणि कण हे दोन शब्द जोडून केलेलं, मराठी शब्दही त्याच अर्थाचा. त्याच्या आधी १८९० मध्ये रिचर्ड आल्टमान म्हणून गेला होता की हे पेशीत राहणारे स्वतंत्र सूक्ष्मजीवच आहेत, तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही, १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिसने तोच विचार नव्याने मांडला आणि पुढे तो रुजला. आज यावर जवळपास एकमत आहे की साधारण दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. माणसाच्या तंतुकणिकेत अजून तिचा स्वतःचा गोल डीएनए आहे, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. वाद आहे तो जीवाणू कोणत्या शाखेचा यावर. बरीच वर्षं रिकेट्सिया या पेशींत राहणाऱ्या जीवाणूंचं कूळ जवळचं मानलं जायचं, म्हणजे २०१८ मध्ये नागपुरात स्क्रब टायफसची साथ आली होती तो जंतू ज्या कुळातला तेच. पण तंतुकणिका आणि रिकेट्सिया या दोघांचेही डीएनए भराभर बदलणारे आहेत, आणि असे डीएनए वंशावळीचं झाड मांडताना नातं नसतानाही एकमेकांजवळ येऊन बसतात, म्हणून हे नातं जरा सैल धरलेलंच बरं.

आता काम. ग्लुकोजचे तुकडे पेशीद्रवात होतात, मग ते तंतुकणिकेत जाऊन क्रेब्ज चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या फेरीतून फिरतात आणि त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलावरच्या चार प्रथिनसंकुलांच्या रांगेतून उतरत उतरत शेवटी ऑक्सिजनला मिळतात. उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. तोतलाडोहला पेंचचं पाणी अडवून टर्बाइन फिरवतात ना, तसंच हे आहे, पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि एटीपी सिन्थेज या एटीपी बनवणाऱ्या प्रथिनातून परत येताना ते खरोखर एक चाक फिरवतात. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या चाकाला एक चमकणारा धागा चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ही प्रोटॉनची कल्पना पीटर मिचेलने १९६१ मध्ये मांडली, तेव्हा बहुतेक जण मधलं एखादं रसायन शोधण्यात गुंतले होते, ते रसायन कधी सापडलंच नाही आणि १९७८ चं नोबेल मिचेलला मिळालं. खुद्द एटीपीचा शोध १९२९ चा, छापील तारीख जर्मनीच्या लोहमानची आधीची, पण त्याच वर्षी अमेरिकेत फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला होता, त्यामुळे तिघांचं नाव एकत्र घेणं योग्य.

एका ग्लुकोजपासून एटीपी किती, इथे मात्र थांबायलाच हवं. अकरावीला ३८ शिकवतात, आणि नीटच्या क्लासमधली पोरंही तेच घोकतात. ३८ येतात ते इलेक्ट्रॉन वाहून आणणाऱ्या दोन रेणूंपैकी एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ ला २ एटीपी असे पूर्णांक धरून. पण एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर जातात, आपल्या एटीपी सिन्थेजच्या चाकाला ८ दाते आहेत आणि एका फेरीत ३ एटीपी होतात, म्हणजे एका एटीपीला सुमारे २.७ प्रोटॉन, वर एटीपी बाहेर आणि फॉस्फेट आत नेण्याला अजून १. सोयीसाठी एकूण ४ धरले तर एनएडीएचचे २.५ आणि एफएडीएच२ चे १.५ होतात, बेरीज ३० किंवा ३२, पेशीद्रवातले इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आत येतात त्यावर. पटलातून थोडी गळतीही असते, म्हणून प्रत्यक्षात अजून कमीच. परीक्षेत ३८ लिहावं लागत असेल तर लिहा, समजून घेताना ३० ते ३२ धरा.

थकव्याचं. ‘बॅटरी संपली’ असं सगळे म्हणतात पण जिवंत स्नायूत एटीपी कधी संपत नाही, तो फार खाली जायच्या आधीच स्नायू आपली ताकद कमी करतो. स्नायूत एटीपीचा साठा असतो फक्त काही सेकंदांचा, त्यामुळे सगळा खेळ भरण्याच्या वेगाचा आहे, आणि तो वेग मंदावला की पेशी ऑक्सिजनशिवायच्या वाटेवर जाते, लॅक्टेट वाढतं, फॉस्फेट साचतं आणि पाय जड होतात. तंतुकणिका बिघडलेला पेशंट नागपुरात सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढताना पाहिला तर दिसतं की पंधरावीस पायऱ्यांतच कठडा धरून थांबला, छाती धडधडतेय, धाप लागलीय, मांड्या भरून आल्यात, पाच मिनिटं बसला की बरा. घरचे म्हणतात आळशी आहे, तो म्हणतो “काही केलं नाही तरी अंग गळून राहिलं”. आणि चाचणीत काय दिसतं तर हृदय भरपूर रक्त पाठवतंय, रक्तात ऑक्सिजन आहे, पण कष्ट करणाऱ्या स्नायूतून परत येणाऱ्या रक्तात तो बराचसा तसाच शिल्लक आहे. म्हणजे माल दारापर्यंत आला, आत घ्यायला कोणी नाही. स्नायूचा तुकडा गोमोरी रंगात बुडवला तर काही स्नायुतंतूंच्या कडा लाल, फाटक्या कापडासारख्या दिसतात, तिथे बिघडलेल्या तंतुकणिकांची गर्दी झालेली असते.

एका पेशीत निरोगी आणि दोषी डीएनए मिसळलेले असतात, दोषींचं प्रमाण एका मर्यादेच्या वर गेलं की त्रास सुरू होतो, म्हणून एकाच आईच्या दोन लेकरांत एकाला नुसती मधुमेहाची तक्रार आणि दुसऱ्याला झटके असं होऊ शकतं. मात्र असे मूळ आजार विरळ, साधारण ५,००० त एक. नागपुरात कोणी थकव्याची तक्रार घेऊन आला तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, साखर बघावी, विदर्भात सिकलसेलही बघावाच, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर असेल तर पाणी नि मीठ. एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात तंतुकणिकांचा दोष सांगणारे अभ्यास आहेत आणि न सापडलेलेही, तो ठरलेला मानू नये.

औषधं आणि रसायनंही हे यंत्र अडवतात. सायनाइड चौथं संकुल बंद करतं. एचआयव्हीचं जुनं स्टॅव्हुडीन तंतुकणिकेचा डीएनए बनू देत नव्हतं, टीबीत वापरतात ते लिनेझोलिड तिच्या रायबोसोमना, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांना, अडवतं. कापसावर फवारतात त्या डायफेन्थियुरॉनचं किडीच्या अंगात काम होतं ते एटीपी सिन्थेज अडवूनच, म्हणून फवारणी करताना नाकातोंडाला पट्टी आणि हातमोजे हवेतच.

उपचार थोडेच आहेत. शरीरात क्यू१० हा संकुलांमध्ये इलेक्ट्रॉन नेणारा रेणू बनतच नसेल तर तो देऊन फरक पडतो, बाकीच्यांना पुष्कळदा लिहून दिला जातो पण पुरावा तोकडा आहे. हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने मात्र स्नायूतल्या तंतुकणिका वाढतात हे पेशंटमध्येही दिसलंय, फक्त सुरुवात अगदी थोडक्यापासून करायची, फुटाळा तलावाला पूर्ण फेरी नको, पहिल्या बाकापर्यंत आणि परत.