दोन निळ्यांत अडकलेली गोधडी

माझ्या कपाटावरच्या ट्रंकेत आईची अकरा सुती लुगडी आहेत. त्यांची गोधडी शिवायची हे चार वर्षांपूर्वी ठरलं. दर दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंक खाली येते, लुगडी पलंगावर पसरली जातात, डांबरगोळ्यांचा वास खोलीभर होतो आणि संध्याकाळी सगळं घडी घालून परत वर जातं. यंदा कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात सांगितलं होतं की चालढकल म्हणजे आळस. दिवसभर सगळी करमणूक बंद ठेवून 'डोपामिनचा उपास' केला की मेंदू नवा होतो. हे चूक आहे. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन; ते टाकीत साठणारं पाणी नव्हे, की नळ बंद ठेवला म्हणजे टाकी भरेल. आणि आळशी माणूस चार तास पलंगाशी वाकून लुगडी जुळवत बसत नाही.

त्या चार तासांत मी मांडणीच करत होते. नऊ वेगवेगळे चौकोन तीन बाय तीनमध्ये मांडायचे तर 3,62,880 प्रकार होतात. प्रत्येक चौकोन चार बाजूंनी फिरवता येतो हे धरलं, तर आकडा साडेनऊ हजार कोटींच्या वर जातो. दर सेकंदाला एक मांडणी पाहिली तरी तीन हजार वर्षं लागतील. ही फक्त नऊ तुकड्यांची गोष्ट. गोधडीला शेकडो लागतात.

मग पर्याय फार झाले म्हणून माणूस थिजतो का? अमेरिकेतल्या एका दुकानात केलेला जॅमचा प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. 2000 साली तो प्रसिद्ध झाला. 24 प्रकार मांडले तेव्हा चव घेणाऱ्यांपैकी 3 टक्के लोकांनी जॅम विकत घेतला, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. पण 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला आणि सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कधी अडखळायला होतं, कधी नाही. माझंच पाहा: लाल कुठला घ्यायचा हे मी क्षणात ठरवते. अडते ती दोन निळ्यांपाशी. एक इरकली, एक इंदुरी. दोन्ही सारखेच विटलेले, दोन्ही हाताला सारखेच मऊ.

इथे मला फार आवडणारं एक मॉडेल येतं. रॉजर रॅटक्लिफ यांनी ते 1978 मध्ये मानसशास्त्रात आणलं. त्याचं नाव ड्रिफ्ट-डिफ्यूजन. मेंदू निर्णय एका झटक्यात घेत नाही, थोडा थोडा पुरावा गोळा करतो. एक माणूस लांब ओट्याच्या मधोमध उभा आहे असं समजा. डावी कड म्हणजे इरकली, उजवी म्हणजे इंदुरी. पुराव्याचा एकेक कण त्याला एक पाऊल इकडे किंवा तिकडे ढकलतो. तो ज्या कडेला पोचेल तो निर्णय. दोन्ही कडा वीस वीस पावलांवर आहेत. उजवा पर्याय उघड सरस असेल आणि चारांतली तीन पावलं उजवीकडे पडत असतील, तर साधारण 40 पावलांत काम होतं. दोन्ही तुल्यबळ असतील तर तो नुसता डुगडुगत राहतो आणि कड गाठायला सरासरी 400 पावलं लागतात.  कुठल्याच बाजूला जास्त ढकल नसेल तर वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कडा वीसऐवजी दहा पावलांवर आणल्या तर वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. 400 चे 100.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. पडद्यावरचे ठिपके कुठल्या बाजूला सरकताहेत हे माकडांना ओळखायला लावून मायकेल शॅडलेन आणि विल्यम न्यूसम या मेंदूशास्त्रज्ञांनी मेंदूच्या पॅरायटल (वरच्या-मागच्या) भागातल्या पेशी तपासल्या. पुरावा साठत जाईल तसे त्या पेशींचे विद्युत-संकेत वाढत जातात.

आता या गणिताचा गाभा पाहा. पर्याय जितके सारखे तितका वेळ जास्त, आणि जितके सारखे तितकं चुकीच्या निवडीचं नुकसान कमी. म्हणजे जिथे काहीच बिघडणार नाही तिथेच आपण दिवाळ्या घालवतो. तिथे उंबरठा, म्हणजे निर्णयाला पुरेसा वाटणारा पुरावा, खाली आणायचा; ओट्याच्या कडा जवळ आणायच्या. घाई करा असं सांगितलं की माणसं तो खरोखरच खाली आणतात, हे प्रयोगांत दिसलं आहे.

पण कात्री हातात आली की उंबरठा वर चढतो, कारण कापलेलं परत जुळत नाही. ती भीती रास्त आहे. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, कापतेस कशाला आत्ता? अख्खी लुगडी आत घाल, कड धर आणि धावदोरा घालत ये. चुकलं तर उसव." उसवता येईल ते आधी, न उसवता येणारं शेवटी.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळ भागात कोंकणी बोलणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बाया 'कवंद' म्हणजे ठिगळांची गोधडी शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेने फिरत आत येतात आणि मध्यावर संपवतात. शेजारी पडलेल्या ठिगळाकडे पाहून पुढचं ठिगळ ठरतं, आधी आखलेला नकाशा नसतो. साडेनऊ हजार कोटी मांडण्यांचा डोंगर इथे कधी उभाच राहत नाही. दर वेळी हाताशी चार-पाच चिंध्या, त्यांतली एक. ही रीत मला अतिशय हुशारीची वाटते.

"अमावास्या जाऊ दे" असं म्हणून मीही एकदा थांबले होते. पुढे पौर्णिमा आली, मग पुन्हा अमावास्या. तिथीचा टाक्याशी काही संबंध नाही. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची जर-तर युक्ती धरा: अमुक झालं की तमुक करायचं, असं वेळ-जागेसकट ठरवून ठेवायचं. 2006 मध्ये अशा 94 चाचण्यांचा आढावा घेतला गेला आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

माझं ठरलं ते असं: रविवारी दुसरा चहा झाला की खिडकीखालची चटई, आणि हाताला आधी लागेल तो निळा. इंदुरी लागला. कड पूर्ण झाली आहे, आत दुसरा फेरा चालू आहे. इरकली उशाच्या बाजूला येईल बहुतेक.