मज्जातंतू व स्नायूंची विद्युत तपासणी

हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा, पकड सैल पडणे, चालताना पाऊल लटकणे अशा तक्रारींचे मूळ नेमके कुठे आणि कोणत्या प्रकारचे आहे, हे मज्जातंतूंतून व स्नायूंतून वाहणारे सूक्ष्म विद्युत संदेश मोजून ठरवण्याची वैद्यकीय पद्धत. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात मज्जातंतूला त्वचेवरून विजेचा हलका झटका देऊन संदेश किती वेगाने व किती जोमाने पोहोचतो ते पाहतात. ही मज्जातंतू-वहन चाचणी, रोजच्या बोलण्यातली ‘एनसीव्ही’. दुसऱ्यात बारीक सुई स्नायूत घालून त्याची स्वतःची विद्युत हालचाल ऐकतात व पडद्यावर पाहतात. हे स्नायुविद्युत आलेखन, म्हणजे ‘ईएमजी’. दोन्हींना मिळून ‘नसांची तपासणी’ म्हणण्याची पद्धत आहे. मराठीत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही लावला जातो, म्हणून स्पष्ट सांगायला हवे की या तपासणीचा रक्ताभिसरणाशी संबंध नाही.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाले आहे, एवढीच तक्रार घेतली तरी तिची कारणे अनेक असू शकतात. मनगटाच्या बोगद्यात ‘मध्यम’ (मीडियन) नावाचा मज्जातंतू दाबला गेला असेल, मानेच्या मणक्यांतून निघणारे मज्जामूळ चेपले असेल, मधुमेहाने सगळ्याच लांब तंतूंना इजा झाली असेल किंवा बिघाड थेट मेंदूत असेल. एमआरआयमध्ये रचना दिसते, पण ती रचना काम कशी करते आहे ते दिसत नाही. मानेची वा कमरेची गादी सरकलेली अनेकांच्या चित्रात आढळते आणि त्यांतल्या कित्येकांना कसलाच त्रास नसतो. अशा वेळी दिसणारा दोष आणि होणारा त्रास यांचा खरोखर संबंध आहे का, हे या तपासणीवरून बऱ्याचदा ठरवता येते.

मज्जातंतू म्हणजे हजारो अक्षतंतूंची, म्हणजे मज्जापेशींपासून निघणाऱ्या लांब धाग्यांची जुडी. जाड अक्षतंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्यात ठरावीक अंतरावर खाचा असतात. संदेश एका खाचेवरून दुसरीवर उड्या मारत जातो, म्हणून निरोगी प्रौढाच्या हातात तो सेकंदाला ५० मीटरहून अधिक आणि पायात ४० मीटरहून अधिक वेगाने धावतो. वेदना व उष्णता जाणवून देणाऱ्या, आवरण नसलेल्या बारीक तंतूंत हाच वेग सेकंदाला एखाद-दोन मीटरवर येतो. बिघाडही मुख्यतः दोन तऱ्हांचा असतो. आवरण झिजले तर संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच अडतो. अक्षतंतूच नष्ट झाले तर उरलेले तंतू जवळपास नेहमीच्या वेगाने संदेश नेतात, पण नोंदवलेल्या लहरीची उंची घटते. उशीर की उणीव, हा फरक उपचारांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण आवरण अनेकदा काही आठवड्यांत पुन्हा बनते. अक्षतंतूला मात्र इजेच्या जागेपासून पुढे पुन्हा वाढत जावे लागते.

संदेशाचा वेग मोजता येणारच नाही, असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मानत होते; योहानेस म्युलर त्यांपैकीच एक. त्यांचेच शिष्य हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूत तो मोजून दाखवला आणि तो भरला सेकंदाला सुमारे २७ मीटर. त्यांची युक्ती आजही प्रत्येक चाचणीत वापरली जाते. मध्यम मज्जातंतूला मनगटापाशी झटका दिल्यावर अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद समजा ३.६ मिलिसेकंदांनी आला आणि कोपरापाशी दिल्यावर ७.६ मिलिसेकंदांनी. या दोन्ही वेळांमध्ये संदेश मज्जातंतूतून स्नायूत उतरायला लागलेला वेळ मिसळलेला असतो. पण तो दोन्हींत सारखाच असल्याने वजाबाकीत निघून जातो आणि ४ मिलिसेकंद उरतात. दोन जागांमधले अंतर २२० मिलिमीटर असेल, तर वेग सेकंदाला ५५ मीटर. एका वजाबाकीने अदृश्य गोष्टीचे माप हाती यावे, ही या शास्त्रातली अतिशय सुंदर कल्पना आहे.

हालचालीच्या तंतूंची नोंद स्नायूवरून घेतात, त्यामुळे लहर मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतकी मोठी मिळते. संवेदनेच्या तंतूंची लहर मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे साधारण हजारपट लहान असते आणि यंत्रातल्या खरखरीत सहज हरवते. डॉसन व स्कॉट यांनी १९४९ मध्ये अनेक नोंदी एकमेकींवर आणून मानवी त्वचेवरून ती स्पष्ट पकडली. आज संगणक अनेक नोंदींची सरासरी काढून तेच करतो.

सुईच्या तपासणीचा पाया एड्रियन आणि ब्रॉन्क यांनी १९२९ मध्ये घातला. पोकळ सुईच्या आत विलग केलेली तार बसवून त्यांनी स्नायूच्या अगदी छोट्या भागातली विद्युत हालचाल वेगळी काढली. ही सुई फक्त नोंद घेते, ती झटका देत नाही. निरोगी स्नायू विश्रांतीत गप्प असतो. मज्जातंतूपासून तुटलेले स्नायुतंतू मात्र आपोआप स्फुरू लागतात आणि ध्वनिवर्धकातून पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांसारखी नियमित टपटप ऐकू येते. आवळलेला स्नायू लवकर सैल न होण्याच्या मायोटोनिया या विकारात मोटारसायकलचा वेग वाढवावा-कमी करावा तसा चढता-उतरता आवाज येतो. अनुभवी तपासनीस पडद्याआधी कानावर विसंबतो. मग रुग्णाला स्नायू हळूहळू आवळायला सांगतात. मज्जातंतू जुन्या काळापासून दुखावलेला असेल तर लहरी थोड्या पण मोठ्या व लांबट दिसतात, कारण वाचलेल्या तंतूंनी शेजारचे पोरके स्नायुतंतू आपल्या ताब्यात घेतलेले असतात. रोग स्नायूतच असेल तर लहरी लहान, तोकड्या असतात आणि थोड्याशा जोरालाही त्यांची गर्दी होते.

बिघाडाची जागा ठरवण्यात शरीररचनेचा एक बारकावा फार उपयोगी पडतो. संवेदनेच्या पेशींची केंद्रे मज्जारज्जूत नसतात, तर मणक्याबाहेर पडण्याच्या वाटेवरच्या गाठीत असतात. सरकलेली गादी मूळ दाबते ते सहसा या गाठीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे बाहेरचा संवेदन-तंतू आपल्या पेशीशी जोडलेलाच राहतो. रुग्णाचे पाऊल पूर्ण बधिर असूनही त्याच तंतूची नोंद चोख येते. बधिर जागेवर नोंद चांगली मिळाली, तर दोष गाठीच्या वर, म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला आहे. नोंदच नाहीशी झाली असेल, तर तो गाठीचा किंवा तिच्या बाहेरच्या मज्जातंतूचा आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल, मग बधिरपणा कसा?’ या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा याच गाठीत दडलेले असते.

काळाचे भान नसेल तर हीच तपासणी दिशाभूल करते. मज्जातंतू पूर्ण कापला गेला तरी पहिले काही दिवस कापलेल्या जागेखालचा तुकडा झटक्याला नेहमीसारखा प्रतिसाद देतो. हालचालीची लहर नाहीशी व्हायला साधारण आठवडा, संवेदनेची जायला दहा-अकरा दिवस आणि सुईवर स्फुरण दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून इजेनंतर घाईने केलेल्या तपासणीवरून ‘नुकसान नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. मात्र झपाट्याने वर चढत जाणाऱ्या अशक्तपणात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटण्याच्या गियाँ-बारे विकाराची शंका असताना, तीन आठवडे थांबायचे नसते. तिथे मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतणारी ‘एफ’ लहर सुरुवातीलाच हरवलेली किंवा उशिरा आलेली आढळू शकते.

दिवस चढेल तशा पापण्या मिटू लागणे, बोलता बोलता आवाज खोल जाणे, यामागे मज्जातंतू व स्नायू यांच्या जोडातला दोष असू शकतो. त्यासाठी सेकंदाला दोन-तीन या गतीने झटक्यांची मालिका देतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या जोडाच्या विकारात लहरीची उंची पहिल्या चार-पाच झटक्यांतच १० टक्क्यांहून अधिक घसरते. ही पद्धत हार्वे आणि मास्लंड यांनी १९४१ मध्ये मांडली.

हात गार असेल तर वेग घटतो. एका अंशामागे सेकंदाला दीड ते अडीच मीटर. थंडगार बोटांवर केलेल्या चाचणीत निरोगी माणूसही रोगी ठरू शकतो, म्हणून हाताच्या त्वचेचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणणे हा उपचार म्हणून करायचा भाग नव्हे, ती तपासणीची अट आहे. दुसरी मर्यादा अधिक क्लेशदायक आहे. तळपायांची आग आणि टोचणी ज्या बारीक तंतूंच्या आजाराने होते, ते तंतू या चाचणीला दिसतच नाहीत. सर्व आकडे चोख येतात आणि रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकावे लागते. हे अन्यायकारक आहे. अशा वेळी त्वचेचा छोटा तुकडा काढून त्यातले तंतू मोजण्याची वेगळी चाचणी असते.

पूर्ण तपासणीला अर्धा ते दीड तास लागतो. झटका क्षणभर दचकवतो, सुई टोचताना दुखते आणि एक-दोन दिवस स्नायू ठणकू शकतो. भूल दिली जात नाही, कारण रुग्णाला स्नायू स्वतः आवळायचा असतो. त्या दिवशी अंगाला तेल किंवा मलम लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे, पेसमेकर किंवा छातीत बसवलेले अन्य यंत्र यांची माहिती आधी द्यावी. मायस्थेनियाची गोळी चालू असेल तर ती थांबवायची का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

इजेनंतर काही महिन्यांनी पुन्हा सुई घालण्याचे कारण वेगळे असते. अक्षतंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. तो स्नायूपर्यंत पोहोचला की प्रथम लहान, वेड्यावाकड्या, अनेक टोकांच्या लहरी उमटतात. त्या वेळी रुग्णाचे बोट अजून हललेलेही नसते. ते हलायला आणखी काही आठवडे जावे लागतात.