जेएस ३३५ आणि त्यानंतरचं सोयाबीन
जून उजाडला की कृषी सेवा केंद्रात शेतकरी नुसतं 'सोयाबीन' मागत नाही. 'सातशे सव्वीस आहे का?', 'सहाशे बारा आलं का?' असं विचारतो. वाण आकड्यानं ओळखायची ही सवय लावली ती 'तीनशे पस्तीस'नं, म्हणजे जेएस (जवाहर सोयाबीन) ३३५ या वाणानं.

माळव्यात काळ्या दाण्याचं आणि कुमाऊंत 'भट' नावाचं सोयाबीन आधीपासून होतंच. पिवळं सोयाबीन रुजलं १९६०च्या दशकात. जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं 'ब्रॅग'सारखी अमेरिकी वाणं लावून पाहिली. पण हे पीक दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं. त्यामुळे दूरच्या अक्षांशावरचं वाण इथल्या हंगामात बसेलच असं नाही. इथलं वाण इथेच घडवावं लागतं.

ते काम फार नाजूक. फूल इवलंसं, आणि उमलण्याआधीच त्यात स्वपरागीभवन होऊन जातं. म्हणून कळी मिटलेली असतानाच चिमट्यानं पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. पुष्कळ कळ्या गळूनच पडतात. पांढऱ्या फुलाच्या मादीवर जांभळ्या फुलाचा पराग लावला असेल, तर उगवत्या रोपाची दांडी जांभळी दिसली की संकर साधला. हिरवी निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या निवडीत आणि चाचण्यांत दहा वर्षं सहज जातात.

जेएस ७८-७७ आणि जेएस ७१-०५ यांच्या संकरातून जबलपूरला घडलेलं जेएस ३३५ १९९४मध्ये आलं. ९५ ते १०० दिवसांत तयार होणारं हे वाण विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी पोचलं. पण एकच वाण सगळीकडे म्हटल्यावर रोग-किडींनाही रान मोकळं मिळतं. शिवाय प्रत्येक भागाची अडचण वेगळी. हलक्या रानाला लवकर निघणारं वाण हवं, तिथे जेएस ९३-०५ आणि जेएस ९५-६० आली. सांगली-कोल्हापुरात तांबेरा रोगानं पीक जायचं, म्हणून सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून 'फुले संगम' आलं; हेच ते केडीएस ७२६. परभणीच्या विद्यापीठानं कंबाईन या कापणी-मळणी यंत्रानं काढता येईल असं एमएयूएस १६२ दिलं.

एक अडचण मात्र सगळीकडची. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. पोतं उंचावरून आदळलं तरी उगवण घटते. म्हणून घरचं बियाणं वापरणारा शेतकरी पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. त्यातले किमान ७० उगवले तरच ते बियाणं पेरायचं.