सोल्कान पूल

सोल्कान पूल : स्लोव्हेनियाच्या पश्चिम सीमेवर, नोव्हा गोरित्सा शहरालगत सोचा (इटालियन नाव इझोन्झो) नदीवरील दगडी कमानीचा रेल्वेपूल. लांबी सु. 220 मी.; मुख्य कमानीचा गाळा (दोन टेकूंमधील अंतर) 85 मी. तेव्हा ऑस्ट्रियाकडे असलेल्या त्रिएस्ते बंदराला ऑस्ट्रियाच्या अंतर्भागाशी जोडणारा दुसरा लोहमार्ग हवा म्हणून काढलेल्या बोहिन्य मार्गावर तो 1904-05 मध्ये बांधला गेला. मार्ग जुलै 1906 मध्ये खुला झाला.

अभियंता रूडॉल्फ याउस्नर यांच्या मूळ आराखड्यात गाळा 80 मी. होता. पायाखालची जमीन पुरेशी भक्कम न निघाल्याने तो वाढवावा लागला. या बदलाशी अभियंता लेओपोल्ड एर्ली यांचे नाव जोडले जाते. श्रेय दोघांना विभागून देणे अधिक रास्त दिसते.

कमानीत 4,533 घडीव चुनखडी दगड असून त्यांचे वजन सु. 5,000 टन भरते. लाकडी सेंटरिंगवर (कमान रचताना तिला खालून आधार देणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्यावर) ते अवघ्या 18 दिवसांत बसवले गेले. एवढ्या मोठ्या कमानीत दगड एका टोकाकडून रचत गेल्यास सेंटरिंग एका बाजूला दबते व वर रचलेले सांधे फुटतात. म्हणून त्या काळी कमानीचे अनेक भाग पाडून ते दोन्ही बाजूंनी समतोल राखत रचण्याची व मधल्या फटी शेवटी भरून घेण्याची पद्धत होती. कळीचा (कमानीच्या माथ्यावरील शेवटचा) दगड बसेपर्यंत सारा भार लाकडावरच असे, त्यामुळे सेंटरिंगचे काम पुलाइतकेच जोखमीचे मानले जाई.

‘जगातील सर्वांत मोठी दगडी कमान’ हे वर्णन जपून वापरावे लागते. जर्मनीतील प्लाउएन येथील 1905 च्या रस्तापुलाचा गाळा 90 मी. आहे, मात्र त्याची कमान अनघड दगडांची आहे. लक्झेंबर्गच्या आडोल्फ पुलाचा गाळा (1903) 85 मीटरला थोडा कमी पडतो. घडीव दगडांच्या रेल्वेपुलांपुरता सोल्कानचा दावा सहसा मान्य होतो.

पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट 1916 मध्ये, लगतचे गोरिझिया शहर सोडताना ऑस्ट्रियन सैन्याने मुख्य कमान सुरुंगाने उडवली. इटलीच्या ताब्यातील काळात आधी तात्पुरता पोलादी सांगाडा उभारून वाहतूक सुरू झाली व 1925–27 मध्ये पुन्हा दगडी कमान बांधली गेली. गाळा तोच ठेवला, परंतु मुख्य कमानीवरील छोट्या कमानी प्रत्येक बाजूस पाचाऐवजी चार झाल्या. आज दिसते ती ही दुसरी कमान होय.