जुने विंडोज सुटत का नाही: एका गाठीची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, म्हणूनच निर्णय लांबणीवर टाकणे सोपे जाते. विंडोज ११ घ्यावे की आहे तेच चालवावे, हा प्रश्न मराठीत अक्षरजुळणी करणाऱ्यांना मात्र पंचवीस वर्षे चिकटलेला आहे. त्याचे मूळ विंडोजपेक्षा फाँटमध्ये आहे, असे माझे मत आहे.

विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी कळत नव्हती. त्यामुळे त्या काळच्या मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे, फाइलमध्ये मात्र एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याकडे उघडला की नुसती चिन्हांची खिचडी. १९९१ मध्ये भारतीय लिप्या संगणकात साठवण्याच्या पद्धतीचे ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले होते, पण छपाईच्या धंद्यात चलती फाँटवाल्यांच्या मांडणीचीच राहिली.

विंडोज २००० मध्ये युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी आणि ‘मंगल’ हा फाँट आला. २००१ च्या विंडोज एक्सपीने ती सोय घरगुती संगणकापर्यंत आणली, पण अर्धवट. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मग संगणक विंडोजची सीडी मागणार. अनेकांकडे ती सीडीच नसे. मराठी आपल्या संगणकात आहे हे कित्येकांना कळलेच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

त्याच २००१ साली पानांची मांडणी करण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची ७ वी आवृत्ती आली आणि ती शेवटची ठरली. तिला युनिकोड येत नव्हते. पेजमेकर, जुना फाँट आणि एक्सपी अशी पक्की गाठ तेव्हा बसली. काही मराठी सॉफ्टवेअर चालवायला संगणकाच्या मागे हार्डवेअर लॉक (परवान्याची खूण म्हणून लावायचा छोटा तुकडा) लावावा लागे. प्रिंटरच्या जुन्या पोर्टचा असा लॉक असेल, तर नव्या मदरबोर्डवर तो लावायला जागाच नाही. शिवाय ऑपरेटरच्या बोटांत ठरावीक कळफलक मुरलेला, आणि वर्षानुवर्षांची पुस्तके त्याच फायलींत. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. त्या माणसासाठी विंडोज बदलणे म्हणजे चालू धंदा थांबवणे होते.

पुढच्या घडामोडींनी ही गाठ आणखी आवळली. एक्सपीनंतर विंडोज व्हिस्टा यायला २००७ उजाडले, आणि त्यावर अनेक जुने प्रिंटर-स्कॅनर चालेनात. २००९ चे विंडोज ७ लोकांना आवडले, पण त्याच्या ६४ बिट आवृत्तीत १६ बिटचे जुने प्रोग्रॅम सुरूच होत नव्हते. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, तरी ते कित्येक ठिकाणी चालूच राहिले. एटीएम यंत्रांतून अशा जुन्या प्रणाली काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये बँकांना मुदत घालून द्यावी लागली.

थांबण्याची किंमत २०१७ मध्ये दिसली. मे महिन्यात फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ हा व्हायरस पसरला. त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या छिद्राची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण ती लावलेली नसलेले संगणक त्याच्या तावडीत सापडले. त्यांत बहुतेक विंडोज ७ चे होते. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या तशाच हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीमधल्या तिच्या टर्मिनलवर कंटेनरची ये-जा अडली. या दोन महिन्यांनंतर ‘चालतंय तोवर चालवू’ हे म्हणणे मला पटेनासे झाले.

तरी लोकांचा अविश्वासही निराधार नाही. २०१५ चे विंडोज १० वर्षभर फुकट दिले गेले, पण २०१६ मध्ये त्याच्या सूचनेची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तरी विंडोज १० वर जाण्याची ठरलेली वेळ रद्द होत नसे. हेच शेवटचे विंडोज, असेही तेव्हा कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने जाहीरपणे सांगितले होते. २०२१ मध्ये विंडोज ११ आले ते टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर मागत. २०१६ मध्ये घेतलेला धडधाकट संगणक पाचच वर्षांत अपात्र ठरला. ही अट मला आजही अवाजवी वाटते.

अपात्र संगणकांसाठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना आहे. घरगुती वापरासाठी तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६. विंडोज ११ ला पात्र संगणक असेल, तर मी आधी विंडोजकडे नाही, फायलींकडे बघेन. जुन्या फाँटमधला मजकूर जुना संगणक चालू असतानाच परिवर्तकातून (जुन्या फाँटचा मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि मूळ फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासावेत, चुका बहुधा तिथेच होतात. एखादे पुस्तक पेजमेकरशिवाय उघडतच नसेल, तर त्यासाठी जुना संगणक ठेवावा, पण इंटरनेटची तार काढून.

आणि कोरे विंडोज टाकल्यावर युनिकोड फायलींतला ‘मंगल’ दिसला नाही तर घाबरू नये. विंडोज १० पासून तो ऐच्छिक झाला आहे. सेटिंगमधल्या ऐच्छिक सुविधांत देवनागरीचे पूरक फाँट निवडले की परत येतो.