अग्निशमन दलाचं ऑडिट कोण करणार?

18 मे 2025 च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. अशा आगीनंतर चर्चा हमखास फायर ऑडिटकडे वळते, आणि ते योग्यच आहे. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाल्यापासून हे शहर कापूस नि सुतावर, म्हणजे चटकन पेटणाऱ्या मालावरच जगत आलंय.

पण हे ऑडिट इमारतीचं असतं. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालक-भोगवटादारावर टाकली. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला घ्यायचा. बंब किती मिनिटांत पोचला, फायरमनच्या किती जागा रिकाम्या, सराव शेवटचा कधी झाला, हे नियमाने तपासून लोकांपुढे मांडणारी स्वतंत्र यंत्रणा आपल्याकडे नाही. 74 व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन पालिकांच्या कामांत आलं. राज्यात अग्निशमन सेवेचे संचालक आहेत, पण तेही नगरविकास विभागाचेच; पालिकांचा कारभारही त्याच विभागाकडे. केंद्राची स्थायी अग्नि सल्लागार समिती 1955 पासूनची. ती निकष सांगते, सक्ती करू शकत नाही.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न युद्धानंतर आला. 1941 मध्ये तिथली दलं एकत्र करून राष्ट्रीय सेवा केली होती. 1947 च्या कायद्याने ती पुन्हा स्थानिक संस्थांकडे गेली, मात्र त्यांच्यावर राजनियुक्त निरीक्षकांची नजर राहिली. पुढे 2000 नंतरच्या दशकात निरीक्षकांची जागा सरकारी सल्लागाराने घेतली आणि नियमित तपासणी बंद पडली. 2017 च्या कायद्याने ती परत आणली; 1856 पासून पोलिसांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडेच हे काम सोपवलं. अनेकांना वाटतं की 72 बळी घेणाऱ्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीमुळे हे घडलं. तसं नाही. कायदा जानेवारीत झाला होता, आग जूनमध्ये लागली.

2018 पासून हे निरीक्षक इंग्लंडमधल्या प्रत्येक दलाला श्रेणी देतात आणि अहवाल जाहीर करतात. पहिल्याच फेरीत त्यांना आढळलं, की बऱ्याच दलांनी इमारती तपासणारी पथकं वर्षानुवर्षं दुर्लक्षित ठेवली होती. म्हणजे आपण ज्या ऑडिटवर सगळी भिस्त ठेवतो, ते करणाऱ्यांचीच कमतरता होती, आणि बाहेरच्या माणसाने पाहिलं नसतं तर ती आकड्यांत आलीच नसती.

या निरीक्षकांना हुकूम काढण्याचा अधिकार नाही. सुधारणा झाली का हे पाहायला ते परत येतात, एवढंच. मला तरी हे पुरेसं वाटतं, कारण अहवाल सभागृहात नि वर्तमानपत्रात गेला की त्याचं उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना आणली. त्यातून गाड्या नि केंद्रं येतील. ती कितपत कामाला आली, हे सध्या तरी दलांनी स्वतःच सांगायचं आहे.